लाल बटणाची तार

नागपुरी गेट, अमरावती
१६ ऑगस्ट २००४

प्रिय प्रणाली,

सलाम अन् नमस्कार, दोन्ही घे. तुझ्या घरचा फोन मी कितीक दिवसांपासून लावून राहिली, घंटीच वाजत नाही. शेवटी अम्मी म्हणाली, लग्न होऊन अकोल्यालेच गेली ना ती, विलायतेले तर नाही गेली, पत्र टाक. म्हणून हे पत्र.

नोकरीचं तुले माहीत आहे. नांदगाव पेठच्या एमआयडीसीत महादेवरावांचा कारखाना. सूतगिरण्यांच्या मशीनवर मोटारी चालवणारे कंट्रोलर आम्ही बनवायचो. पण कापसाचे हे असे हाल झाले, गिरण्या एका पाळीवर आल्या, अन् यंदा तिकडून एकही ऑर्डर नाही. तेव्हा महादेवरावांनी वरूडच्या एका पॅकिंग हाऊसचं काम धरलं. संत्री धुवायची, पुसायची, आकारानं निवडायची अन् पेटीपर्यंत न्यायची, अशी मशीन. तिच्या कंट्रोलरचं डिझाइन माझ्या एकटीच्या गळ्यात.

मोटारी सहा. रोलरची वेगळी, पट्ट्याची वेगळी, संत्रं बरोबर आपल्या खणात पाडणाऱ्या फळ्यांच्या वेगळ्या. सगळ्या एका तालात चालल्या पाहिजेत, नाहीतर पेटीत रस जाईल. मी एक रॅक केला आहे. दर मोटारीचं एक कार्ड, फळीवर पुस्तक सरकवावं तसं सरकवायचं. मागं एक लांब पट्टी, तिच्यावरून सगळ्या कार्डांले वीज अन् हुकूम जातात. एक कार्ड बिघडलं तर तेवढंच बदला. उद्या कोणाले आठ मोटारी पाहिजे असल्या तर दोन कार्डं वाढवा. कागदावर भारी दिसते.

पण चालू रॅकमधून एक कार्ड ओढलं की बाकीच्या मोटारी झटका मारतात. का, ते समजत नाही. इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये मोटार पळवायचं माझ्याकडं होतं, वीज अन् बचाव तुझ्याकडं. नकाशा सोबत पाठवून राहिली. पाहजो. अन् एक दिवस येऊनच जा ना, किती लांब आहे?

तुझी,
कहकशाँ

*

डाबकी रोड, अकोला
३० ऑगस्ट २००४

प्रिय कहकशाँ,

स. न. वि. वि. पत्र मिळाले. आनंद झाला. इकडे सर्व ठीक आहे. फोन बिघडला आहे. यांची प्रकृती थोडी नरम असल्यामुळे कृषी केंद्र सध्या बंद ठेवले आहे. काळजीचे कारण नाही.

तुझा नकाशा पाहिला. कार्डाच्या मागच्या जोडणीतल्या सगळ्या पिना तू एकाच लांबीच्या घेतल्या आहेत. कार्ड ओढताना कोणती पिन आधी सुटेल हे मग कोणाच्या हातात राहत नाही. कधी जमिनीची म्हणजे अर्थिंगची पिन आधी सुटते, आणि कार्डाला शून्य कुठे आहे तेच कळेनासे होते. ते भलतेच संदेश मागच्या पट्टीवर टाकते आणि बाकीच्या मोटारी ते खरे मानतात. म्हणून झटका.

अर्थिंगच्या पिना सगळ्यांत लांब घे. त्या आधी जोडल्या जातील आणि शेवटी सुटतील. मोटारीला ‘चाल’ म्हणणारी पिन सगळ्यांत आखूड ठेव. कार्ड जरा हलले तरी आधी ती सुटेल, आणि बाकी काही व्हायच्या आत ती मोटार थांबलेली असेल.

धोक्याच्या वेळी मशीन थांबवायच्या लाल बटणांची तार मला नकाशात दिसली नाही. ती नीट दाखव. नियम एकच ठेव: तार तुटली तर मशीन थांबली पाहिजे.

येणे सध्या जमणार नाही. अम्मींना नमस्कार सांग.

तुझी,
प्रणाली

*

अमरावती
२८ सप्टेंबर २००४

प्रणू,

झटका गेला! लांब-आखूड पिनांची जोडणी मिळाली, अन् आता चालू मशीनमधून कार्ड ओढलं तरी शेजारच्या मोटारीले खबरही लागत नाही. महादेवरावांनी स्वतः दोनदा ओढून पाहिलं. मी तुझं नाव सांगितलं, तर म्हणाले, त्या बाईंना घेऊन या एकदा.

लाल बटणांची तार तू म्हटल्यासारखीच आहे. ती सगळ्या बटणांतून जाते, मग एकेका कार्डातून जाते, अन् शेवटी मेन स्विचले मिळते. कुठंही तुटली की मेन पडतो, सगळं बंद. एक कार्ड नीट बसलेलं नसलं तरी मशीन उठत नाही. मले ते चांगलं वाटलं, एकाच तारेत सगळा बचाव.

आता दुसरी गोष्ट. तुझं पत्र वाचून मले राग आला. शाळेतल्या मास्तरीणबाईनं लिहिल्यासारखं आहे ते. ‘सर्व ठीक आहे.’ हे तुझं लिहिणं नाही. तू काही लपवून राहिली. खुशखबर असेल तर सांगून टाक, अम्मी आतापासून टोपडी शिवायले बसेल. अन् सासरचे घराबाहेर पडू देत नसतील तर तेही सांग. मी अब्बाले घेऊन येते. तुझ्या नवऱ्याले दोन गोष्टी सांगायच्या असतील तर आमचे अब्बा चांगल्या शब्दांत सांगतात.

दसऱ्यानंतर मशीन वरूडले जाईल, आंबिया बहाराच्या संत्र्यांचा सीझन पकडायचा आहे. त्या दिवशी तू माझ्यासोबत पाहिजे. लिहजो.

कहकशाँ

*

अकोला
३ नोव्हेंबर २००४

कहकशाँ,

उत्तराला उशीर झाला. अब्बांना आणू नको. कोणी मला कोंडलेलं नाही. घरात सासू-सासरे नाहीत, आम्ही दोघंच आहोत, हे तुला माहीत होतं. तरी तुला ते सुचलं म्हणून वाईट वाटलं, आणि मग वाटलं की मीच काही सांगितलं नाही तर तू तरी काय समजणार.

मृगात यांनी बाळापूरकडच्या एका गावाला कपाशीचं बियाणं दिलं. जवळजवळ सगळ्या गावानं आपल्याच कृषी केंद्रातून नेलं, कारण हे त्यांच्यातल्याच एकाचे जावई असावेत तसे तिथं बसायचे-उठायचे. पाऊस वेळेवर आला. बियाणं उगवलंच नाही. थैल्या सीलबंद होत्या, कंपनी म्हणते पेरणी चुकली. यांनी कंपनीकडे खेटे घातले, कोणी भेटलं नाही. मग लोक दुकानावर आले. कोणी मारलं नाही, कोणी फार बोललंही नाही. एक म्हातारी नुसती पायरीवर बसून राहिली, लीलाबाई तिचं नाव. त्या दिवशी हे घरी आले आणि त्यानंतर खोलीबाहेर पडले नाहीत. फोन वाजला की अंगाला काटा यायचा यांच्या. फोनची तार मीच काढून ठेवली. बिघडलेला नाही तो.

दुकान खाली केलं तेव्हा उरलेलं फवारणीचं औषध घराच्या मागच्या खोलीत आणून टाकलं. त्या खोलीची किल्ली माझ्या कमरेला असते. आंघोळीलाही मी ती बाजूला काढत नाही. आता तुला समजलं असेल मी का येत नाही. मी भाजी आणायला जाते ती समोरच्या गाडीपर्यंत, आणि गाडीजवळ उभी राहून दाराकडे बघत असते.

डॉक्टरांकडे चला म्हटलं तर हे भिंतीकडे तोंड करतात. कंपनीला औषध परत न्या म्हणून कळवलं, त्यांचा माणूस येतो म्हणतो आणि येत नाही. 

तुझा नकाशा आला की बरं वाटतं. तेवढा वेळ मी दुसऱ्या कशाचा विचार करत नाही. एकच सांगते, त्या तारेत बटणं आणि कार्डं एकत्र ओवू नको. मला त्याची भीती वाटते. का, ते मात्र नीट मांडता येत नाही. डोकं थाऱ्यावर नसतं.

प्रणाली

*

वरूड
२९ नोव्हेंबर २००४

प्रणू,

तुझं पत्र इकडं येताना हातात पडलं. त्यावर काय लिहावं ते समजलं नाही, अन् मग लिहायले वेळच राहिला नाही. आता लिहून राहिली, तर तुझी भीती खरी झाली हेच सांगायले.

मशीन इथं आली अन् चालली. पण रोलरच्या थरथरीनं कार्डं जरा जरा सैल व्हायची, कार्डातली तार क्षणभर तुटायची, अन् सगळी मशीन खाली बसायची. पुन्हा उठवा, पुन्हा बसते. बाहेर संत्र्यांचे ट्रक उभे, बागवान ओरडून राहिले. महादेवरावांनी फिटरले सांगितलं, काहीतरी कर. त्यानं तारेच्या दोन टोकांमध्ये एक तुकडा जोडून दिला, म्हणजे कार्डांसोबत बटणंही टळली. मशीन सरळ चालायले लागली, सगळे खूश. लाल बटण कोणी दाबून पाहिलं नाही. मीही नाही. मी संत्र्यांचा आकार जमवण्यात होती.

निवड करायच्या ठिकाणी शालू नावाची एक बाई होती, इथलीच. तिची बाही रोलरमध्ये गेली, मग हात गेला. तिनं दुसऱ्या हातानं बटण दाबलं. मी समोरून पाहिलं, प्रणू. दाबलं, पुन्हा दाबलं, अन् रोलर फिरतच राहिला. मी धावत जाऊन मेन पाडला. हात मोकळा करायले रोलर उलटा फिरवावा लागला. दोन बोटं गेली, तिसरं वाकत नाही.

दवाखान्यात तिले सगळे सांगून राहिले की तू घाबरली, बटण दाबलंच नाही. तिनं मले विचारलं, “बाई, मी बटण दाबलं होतं ना? की मलेच तसं वाटून राहिलं?” महादेवराव बाजूलेच होते. मी मान हलवली, हो अशी की नाही अशी, तिले समजलं नसेल.

महादेवरावांनी मले बाजूले नेलं. पॅकिंग हाऊसच्या मालकाले तारेचं कळलं तर मशीन परत येईल, कारखाना बंद होईल, तीस घरं उपाशी बसतील, हे सगळं हळू आवाजात समजावून सांगितलं. ते वाईट माणूस नाहीत. शालूचा दवाखान्याचा सगळा खर्च त्यांनी भरला. फक्त स्वतः तिच्यासमोर उभे राहत नाहीत.

मी नोकरी सोडून दिली असती. पण मी गेली तर ती तार तशीच राहते, अन् मशीन उद्यापासून पुन्हा सुरू. राहिली तर गप्प बसून राहावं लागते. तुझ्या किल्लीसारखं झालं माझं. ठेवताही येत नाही, टाकताही येत नाही.

तू इकडं येऊ शकत नाहीस. कारखान्यात एक जास्तीचा रॅक आहे, तो घेऊन मी अकोल्याले येते. दोघी बसून ही तार सुधारू. नाही म्हणू नको.

कहकशाँ

*

अकोला
४ डिसेंबर २००४

कहकशाँ,

ये. मागच्या गल्लीतून ये आणि मागचं दार वाजव. पुढचं आम्ही उघडत नाही.

प्रणाली

*

अमरावती
१० जानेवारी २००५

प्रणू,

आधी मशीनचं सांगते. तुझ्या खाटेवर बसून आपण जे काढलं ते सगळं रॅकमध्ये बसलं. बटणांची तार वेगळी, कार्डांची वेगळी. कार्डांले आता स्क्रू आहेत, थरथरीनं हलत नाहीत, म्हणून मशीन उगाच थांबत नाही. अन् बटणांच्या दोन तारा केल्या, दोन्हींवर विजेच्या ठोक्यांची वेगवेगळी टिकटिक सोडली. कोणी मध्ये तुकडा जोडला की दोन टिकटिकी एकमेकींत मिसळतात, रॅकले ते समजते, अन् तो मशीन उठूच देत नाही. फिटरले मी म्हटलं, आता जोडून दाखव. त्यानं खूप खटपट केली अन् मग हसून दिलं.

आता दुसरं. तू चहा टाकायले आत गेली होती तेव्हा भाऊजी खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. तुले सांगू नका म्हणाले होते. मी महिनाभर नाही सांगितलं, आता सांगते.

मले तर त्यांले पाहून धक्काच बसला, दाढी छातीपर्यंत आली आहे. त्यांनी रॅककडं पाहून विचारलं, हे काय आहे. मी सांगितलं, अन् शालूचंही सांगितलं. माझ्या तोंडून निघूनच गेलं. फिटरनं तार जोडली, असं म्हणून मी त्याले शिव्या घातल्या. त्यांनी शांतपणे विचारलं, “त्यानं काऊन जोडली पण?” मी म्हटलं, मशीन सारखी थांबत होती म्हणून. “मंग थांबत काऊन होती?” आता तू आठव, तू चहा घेऊन बाहेर आली तेव्हा मी एकदम म्हटलं होतं की आधी हे उगाचचं थांबणं बंद करू. ते माझं डोकं नव्हतं, त्यांच्या प्रश्नानं तिथं नेलं होतं.

मग ते म्हणाले, “त्या बाईकडं कोणी गेलं काय?” मी म्हटलं, आमच्या महादेवरावांनी खर्च दिला. त्यावर ते म्हणाले, “खर्च देऊन नाही होत. जाऊन उभं राहा लागते.” एवढं बोलले अन् त्यांचा चेहराच उतरला. आत गेले, दार लावून घेतलं.

बसमध्ये मी सगळा रस्ता तेच ऐकत आली. दुसऱ्या दिवशी शालूच्या घरी गेली. तिच्या नवऱ्यासमोर, शेजारणींसमोर सांगितलं की तू बटण दाबलं होतं, मी पाहिलं, तार आमच्या माणसांनी जोडली होती. ती म्हणाली, “मंग मी येडी नाही.” अन् रडली. मग तिथूनच पॅकिंग हाऊसच्या मालकाकडं गेली अन् त्यालेही तेच सांगितलं.

महादेवराव माझ्याशी बोलत नाहीत. पण मशीन परत आली नाही. मालकानं अट घातली, नवीन रॅक बसवा, सगळ्यांसमोर बटणं दाबून दाखवा, शालूले दुसरं बसतं काम द्या, मग पाहू. मृग बहाराले, फेब्रुवारीत, चाचणी. त्यानंतर मले काढतील बहुतेक. काढू दे.

भाऊजींवर रागावू नको, मी सांगितलं म्हणून. अन् किल्ली सांभाळ.

कहकशाँ

*

नागपुरी गेट, अमरावती
तुझ्याच घरून, १९ फेब्रुवारी २००५

कहकशाँ,

वरचा पत्ता पाहून चमकशील. तुझ्याच टेबलावर बसून लिहून राहिली. अम्मी म्हणाल्या तू कालच वरूडले गेली, उद्या चाचणी आहे. अब्बा चाचणी पाहायले उद्या पहाटेच्या गाडीनं तिकडं येऊन राहिले, त्यांच्याजवळ हे पत्र देते. म्हणजे मी समोर येईन त्याच्या आधी सगळं तुले माहीत असेल, अन् मले तोंडानं सांगावं लागणार नाही. तोंडानं सांगायले गेली तर मी रडीन.

तुझं पत्र मी यांच्या खोलीत जाऊन मोठ्यानं वाचलं. शालूचं ‘मंग मी येडी नाही’ वाचलं तेव्हा यांनी पुन्हा वाच म्हटलं. त्यानंतर रोज कधीतरी विचारायचे, त्या बाईले काम दिलं काय. मी म्हणायची, मले माहीत नाही. चार शब्द होते, पण रोजचे होते. मी जाऊन डॉक्टरले घरी घेऊन आली, तर या वेळी यांनी भिंतीकडं तोंड नाही केलं. गोळ्या सुरू आहेत. कृषी खात्याच्या साहेबाले मी अर्जावर अर्ज केले, शेवटी त्यांची गाडी आली अन् मागची खोली रिकामी झाली. मी ती धुऊन काढली, तिथं आता काहीच नाही.

आज सकाळी उठून हे दाढी करायले बसले. मले म्हणाले, गावाले जातो. मी एकटं जाऊ देणार नव्हती. हे म्हणाले, “तू चाल. एकट्यानं नाही होणार माह्याच्यानं.”

पुढच्या दारानं निघालो. कुलूप गंजलं होतं, तेल सोडावं लागलं.

गावात पहिल्यांदा लीलाबाईच्या घरी गेलो. तिनं पाणी नाही विचारलं. हे ओट्याजवळ उभे राहिले अन् म्हणाले, बियाणं मी दिलं होतं, ते उगवलं नाही. बस, एवढंच. लीलाबाईनं हातातलं काम खाली ठेवलं. मग म्हणाली, “बियाणं तुमी थोडीच बनवलं. ते आमाले तवाच समजलं. पण तुमी दार लावून बसले. आमी कोणापाशी जावाचं होतं?”

मग लोक जमले. तेव्हा जे बोलले नव्हते ते सगळं आज बोलले. एकजण तर अंगावरच आला, दुसऱ्यांनी धरलं त्याले. हे बसून ऐकत राहिले. मी यांच्या बाजूले उभी होती. कोणी माफ नाही केलं, हे तुले खरं सांगते. पण गावानं कंपनीवर ग्राहक मंचात केस टाकली आहे, अन् दुकानदाराची साक्ष पाहिजे होती. दुकानदारच सापडत नव्हता. हे म्हणाले, मी देतो साक्ष. आम्ही निघालो तेव्हा लीलाबाईनं पाण्याचा तांब्या आणून दिला. तो यांनी दोन्ही हातांनी धरला.

परतीच्या एसटीत हे माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपले. इतक्या महिन्यांत मी यांले असं झोपलेलं नाही पाहिलं. ती गाडी अमरावतीची होती. अकोल्याचा स्टँड आला, लोक उतरले, कंडक्टर म्हणाला, बाई, तुमचं आलं. मले यांले उठवावंसं वाटेना. मी पुढचं तिकीट मागितलं. मूर्तिजापूर गेलं, बडनेरा आलं, तेव्हा कुठं यांचे डोळे उघडले. आपण कुठं आहो, विचारलं. मी सांगितलं. खिडकीबाहेर पाहिलं अन् म्हणाले, मंग त्या कहकशाँकडंच चाल.

अम्मींनी यांले ताट वाढलं. दोन पोळ्या खाल्ल्या, मी मोजल्या. अब्बा यांले आपल्या लहानपणच्या गोष्टी सांगून राहिले अन् हे मान हलवून राहिले. मधेच उठून दाराबाहेर जाऊन आले, तर मी अजूनही उठून मागं गेली. ही सवय इतक्यात नाही जाणार. उद्या परत खोलीत जाऊन बसतील काय, मले माहीत नाही. दुकान पुन्हा उघडत नाही, तेवढं नक्की.

पण उद्याचं ठरलं आहे. दुसऱ्या गाडीनं आम्ही दोघंही वरूडले येऊन राहिलो. यांले शालूबाईले भेटायचं आहे. मले तो रॅक चालताना पाहायचा आहे, मी तो कागदावर अन् खाटेवरच पाहिला. अन् ऐक, बटणं सगळ्यांसमोर दाबून दाखवायची आहेत ना? पहिलं बटण मी दाबते. मी येईपर्यंत मशीन सुरू करू नको.

तुझी,
प्रणू